घरांतील हत्यारें कशीं निवडावींत?

बिजागरीचा एखादा स्क्रू सैल होतो आणि दार कुरकुरूं लागतें. काम दोन मिनिटांचें. परंतु स्क्रू फिरविण्याचें हत्यार घरांत नसतें. मग स्वयंपाकघरांतील सुरी हातीं घेतली जाते. सुरी निसटते, बोट कापतें, आणि स्क्रूची खांच झिजून तो पुढें कोणालाच दाद देत नाहीं. येथें दोष हाताचा नव्हे. हत्याराच्या निवडीचा असतो.

निवडीचें पहिलें तत्त्व असें कीं, हत्याराचें तोंड वस्तूवर चपखल बसलें पाहिजे. पेचकसाचें पातें खांचेच्या लांबीइतकें रुंद व खांच भरून काढील इतकें जाड असावें. अरुंद पात्याचा जोर मध्यावरच एकवटतो आणि खांचेच्या कडा तुटतात. चौफुली खांचेचा स्क्रू अमेरिकेंत हेन्री फिलिप्स यांनीं प्रचारांत आणला; त्याचीं पेटंटें १९३६ सालचीं. त्यांतही मापें असतात. घरगुती कामांत बहुधा २ क्रमांकाचा पेचकस लागतो, बारीक स्क्रूंना १ क्रमांकाचा.

पान्याचेंही तसेंच. आजच्या मेट्रिक पान्यावरील आंकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर होय. ६ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टाला सामान्यतः १० चा पाना लागतो, ८ च्या बोल्टाला १३ चा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. म्हणून अर्ध्या इंची नटावर १३ चा पाना बसल्यासारखा भासतो. पण तेवढीच मोकळीक घट्ट नटाचे कोपरे खाऊन टाकते. जुन्या इंग्रजी यंत्रांची तऱ्हा आणखी निराळी. जोसेफ व्हिट्वर्थ यांनीं १८४१ मध्यें आट्यांचें एक ठराविक मान सुचविलें; त्या पद्धतीच्या पान्यावर माप असतें तें नटाचें नव्हे, तर बोल्टाच्या व्यासाचें. तेव्हां आंकडा वाचून न थांबतां पाना नटावर लावून पाहावा, हेंच उत्तम.

सरकत्या जबड्याचा एकच पाना अनेक मापांना चालतो, हें खरें. मात्र तो नटावर घट्ट आवळून, जोर स्थिर जबड्यावर पडेल अशा बाजूनें ओढावा. पकडीचें काम धरण्याचें, वांकविण्याचें व तार तोडण्याचें. नट फिरविण्यास तिला जुंपणें म्हणजे नट व पक्कड या दोहोंचाही नाश करणें.

दुसरें तत्त्व सुरक्षिततेचें. हातोडी विकत घेतांना तिचें डोकें दांड्यावर हलत नाहीं ना, हें अवश्य पाहावें. सैल पाचर बसविल्यावांचून तिनें एकही घाव घालूं नये. छिन्नीचें डोकें कुत्र्याच्या छत्रीसारखें पसरलें असेल, तर त्याच्या कडा घांसून काढाव्यात. तेथून उडालेली कपची डोळा घेऊं शकते. विजेच्या कामाला दांड्यावरील साध्या प्लॅस्टिकचा भरंवसा धरूं नये. १००० व्होल्टची खूण असलेलीं हत्यारेंच घ्यावींत. तरीही मुख्य खटका बंद केल्याशिवाय तारेला हात लावूं नये. घरांत येणारा २३० व्होल्टचा प्रवाह प्राण घेण्यास पुरेसा असतो.

बाजारांत शंभर हत्यारांची झगझगीत पेटी स्वस्तांत मिळते. मऊ लोखंडाचें पातें पहिल्याच घट्ट स्क्रूवर पिळवटतें, आणि स्वस्ताई महाग पडते. त्यापेक्षां दोन सपाट व दोन चौफुली पेचकस, एक पक्कड, एक सरकता पाना, एक मध्यम हातोडी आणि मोजपट्टी एवढीं चांगल्या पोलादाचीं हत्यारें संसाराच्या बहुतेक कामांना पुरतात. बाकीचीं गरज पडेल तशीं एकेक घ्यावींत. काम झाल्यावर तीं पुसून, किंचित तेलाचा हात फिरवून ठरलेल्या जागीं ठेवावींत; पावसाळ्यांत तर हें विसरूंच नये. वेळेवर हातीं न लागणारें हत्यार आणि घरांत नसलेलें हत्यार यांत फरक तो कोणता? तें न सांपडलें, कीं हात पुन्हां त्या सुरीकडेच वळतो.