हरवलेले मेंढरू आणि हिरकणीचे बाळ

दिवाळीच्या सुट्टीत घराघरांतून गोष्टींचा फराळही मांडलेला असतो. बळीराजाची, नरकासुराची, वसुबारसेच्या गाईची गोष्ट आजीने सांगायची आणि नातवंडांनी मध्येच अडवून नको ते प्रश्न विचारायचे, हा आपला जुना शिरस्ता. याच मराठी भाषेत, आपल्याच शेजारच्या काही घरांतून गेली चारशे वर्षे आणखीही काही गोष्टी सांगितल्या जात आहेत, याची मात्र आपल्याला फारशी कल्पना नसते. मराठी ख्रिस्ती घरातली आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला बायबल कसे सांगते? हा प्रश्न माझ्या मनात आला तो रायगडाच्या पायथ्याशी.

विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही हिरकणीवाडीला गेलो होतो. १९९६ पासून येथून गडावर रज्जुमार्ग जातो. पाळण्याची वाट पाहत बसलेल्या मुलांना मी हिरकणीची आख्यायिका सांगितली. कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे बाळ आणि तुटलेल्या कड्यावरून उतरलेली ती गवळण! आमच्याबरोबर महाविद्यालयातील एक ख्रिस्ती सहकारी बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. ती चिमुरडी एकदम म्हणाली, "आई, ही तर मेंढपाळाचीच गोष्ट! शंभरातलं एक हरवलं म्हणून तो पण रानात गेला होता." आणि लगेच दुसरा प्रश्न, "पण मग बाकीच्या नव्व्याण्णवांकडे कोण बघत होतं गं?"

बाई हसल्या. "ते पुस्तकात लिहिलेलं नाही बाळ. तुला काय वाटतं?"

मला हे उत्तर फार आवडले. शुभवर्तमानात मेंढपाळ बाकीची मेंढरे मागे ठेवून जातो एवढेच सांगितले आहे. त्यांची राखण कोणी केली, याचा पत्ता नाही. दोन हजार वर्षांत मोठमोठ्या भाष्यकारांना पडलेला प्रश्न पाच वर्षांच्या पोरीला पडावा आणि आईने तो न दडपता तिच्याकडेच परत द्यावा, याहून चांगले धर्मशिक्षण मला ठाऊक नाही.

पण असे शिक्षण नेहमीच मिळत होते असे नाही. हिरकणीवाडीहून महाडला उतरले की सावित्री नदी भेटते. तिच्या मुखाशी बाणकोट आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी मंडळींनी कोकणातील आपले काम सुरू केले ते याच बाणकोटास. पुढे मुंबईत नाव कमावलेले डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर मराठी शिकण्यासाठी प्रथम बाणकोट-हर्णैकडेच राहिले. या मिशनांनी ठिकठिकाणी मराठी शाळा उघडल्या. त्या काळच्या मिशनशाळांतला पंतोजी पुष्कळदा हिंदूच असे. कपाळी गंध लावलेला तो पंतोजी छडी घेऊन बसे आणि मुलांकडून ख्रिस्ती प्रश्नोत्तरी घोकून घेई! पोरांच्या लेखी ती पावकी-निमकीसारखीच. एकात अर्थ कळत नव्हता, दुसऱ्यातही नाही. अशा पाठांतराने धर्म किती पोचला असेल याची मला शंकाच आहे. अक्षरओळख मात्र झाली, आणि ती काही लहान गोष्ट नव्हे.

याउलट, प्रश्नोत्तरी आणि गोष्ट यांतला फरक ज्याने आधीच ओळखला होता, तो १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स. लहानांसाठी आणि नवशिक्यांसाठी त्याने कोकणीत प्रश्नोत्तररूप 'दौत्रिना क्रिस्तां' केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. पण त्याचे नाव उरले ते 'ख्रिस्तपुराणा'ने. १६१६ साली रायतूर येथे छापलेला हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. जुनी पुराणे सुटलेल्या लोकांना ऐकायला काहीतरी रसाळ हवे, हे त्याने जाणले आणि ओवीच हाती घेतली. ओवी म्हणजे जात्यावरची, पाळण्यावरची. आईच्या मांडीवर झोप येता येता मुलाच्या कानात शिरते ती.

आता थोडे कटू बोलले पाहिजे. मुलांना दुसऱ्या धर्माचे पुस्तक सांगणे ही आपल्याकडे केवळ हौसेची बाब कधीच नव्हती. १८४३ साली विल्सनसाहेबांच्या शाळेतील नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनरींच्या घरी राहू लागला. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा अज्ञान ठरून बापाच्या स्वाधीन झाला. पण घरी आला म्हणून जात परत मिळते थोडीच? त्याला प्रायश्चित्त देऊन पंक्तीत घ्यावे की न घ्यावे, यावरून मुंबईत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. दोन्हीकडचे थोर लोक हिरिरीने भांडत होते. त्या बारा वर्षांच्या मुलाला रात्री झोप लागत होती की नाही, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

पन्नास वर्षांनी तोच प्रश्न पुण्यात उभा राहिला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदासदन पुढल्याच वर्षी पुण्यास आले होते. सदनात धर्म शिकवायचा नाही, असे ठरलेले. परंतु बाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत. 'मी शिकवीत नाही, पण कोणाला हाकलणारही नाही' अशी त्यांची भूमिका. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी संबंध सोडला, पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार म्हणजे शिकवण की नव्हे? आजही हा प्रश्न सोपा वाटत नाही. बाईंच्या सचोटीविषयी मला संशय नाही. पण ज्या आईबापांनी विश्वासाने मुली ठेवल्या त्यांचे दुखणेही मला खोटे वाटत नाही. आपल्या राज्यघटनेने २८व्या कलमात अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती घातली आहे. तिच्यामागे असे कितीतरी उघडे आणि बंद दरवाजे उभे असतील.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी जे केले ते मात्र निर्विवाद थोर आहे. जडजंबाल संस्कृत शब्दांनी भरलेले बायबल अडाणी बायकांना आणि पोरींना कळत नाही, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि एकटीने सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले. छापखाना सदनातलाच, खिळे जुळवणाऱ्या सदनातल्याच बायका व मुली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. जिला कालपरवापर्यंत अक्षर येत नव्हते तिने खिळ्यांनी शास्त्र जुळवावे, ही कल्पनाच अंगावर काटा आणते.

मुलांसाठी म्हणून जे निघाले त्यात अमेरिकन मराठी मिशनचे 'बालबोधमेवा' हे मासिक मोलाचे. १८७३ मध्ये ते सुरू झाले तेव्हा मराठीत मुलांची मासिके बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. पुढे रेव्हरंड टिळकांचा हात त्याला लागला. टिळकांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो ते उगीच नव्हे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण कीर्तन आणि अभंग बरोबर घेऊन. टाळ-मृदंगाच्या साथीने ऐकलेली गोष्ट मुलाला परकी वाटत नाही. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले, तेही ओवीतच.

एवढे थोरामोठ्यांचे झाले. रोजच्या घरात काय होते? सहकारी बाईंना मी खोदून खोदून विचारले. त्या म्हणाल्या, "पुस्तक नंतर. आधी मिसळणाचा डबा." मोहरीचा दाणा मुलीच्या तळहातावर ठेवायचा आणि सांगायचे, एवढ्याशा दाण्याचे झाड होते आणि त्यावर पाखरे बसतात. खमीर पोरीला ठाऊक नाही. मग पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण कसे पुरते ते दाखवायचे. मेंढरांची तर कोकणातही अडचण नाही, दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतातच.

"आणि अब्राहाम?" मी विचारले. "देवाच्या आज्ञेवरून पोटच्या इसहाकावर सुरी उगारणारा?"

"ती गोष्ट अजून नाही सांगितली," त्या म्हणाल्या. "शब्बाथशाळेत ऐकून येईल तेव्हा बघू."

मला श्रियाळ-चांगुणेची आठवण झाली. चिलया बाळाचे शिर उखळात कांडणारी ती माउली आपल्यापैकी कित्येकांनी पाच-सहाव्या वर्षी ऐकली आणि रात्री आईकडे जरा धास्तीनेच पाहिले. शेवटी बाळ जिवंत होते, इसहाकही वाचतो, हे खरे. परंतु मुलाच्या लक्षात शेवट राहत नाही, सुरी राहते. ईश्वरभक्तीची कसोटी लेकराच्या मानेवर घेणाऱ्या कथा, त्या कोणत्याही धर्माच्या असोत, दहा वर्षांच्या आत सांगू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. शास्त्रीबोवा आणि पाद्रीसाहेब दोघेही रागावतील, त्याला इलाज नाही.

मोठ्यांनाही सोपे बायबल हवेच असते. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि अनेक मराठी घरांत तो ग्रंथ प्रथमच शिरला.

बाईंच्या मुलीची सर्वांत आवडती गोष्ट मात्र मेंढराची नाही. दहा चांदीच्या नाण्यांपैकी एक हरवते, तेव्हा दिवा लावून, केरसुणीने कोपरा न् कोपरा झाडून ते शोधणाऱ्या बाईची आहे. नाणे सापडल्यावर ती शेजारणींना बोलावून आनंद करते. शेजारच्या बिऱ्हाडात लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहताना पाहून ती मुलगी तिथल्या आजींना म्हणाली, "आजी, तुमचं पण नाणं सापडलं का?" आजींना काही उलगडा झाला नाही. त्यांनी तिच्या हातावर एक अनारसा ठेवला.