सिनॉप्सिसमधला ‘विल’: कुठे लिहायचा, कुठे गाळायचा

सिनॉप्सिस म्हणजे अजून न झालेल्या कामाचा कागद. त्यात ‘विल’ येणारच. पण तो सगळीकडे लावला की काय झालंय आणि काय व्हायचंय, हे समितीला कळत नाही. मग “सर्व्हे झाला का?” हा प्रश्न आलाच समजा.

समजा, तुमचा विषय आहे यावल-रावेर भागातल्या केळीवरचा करपा. आता एकेक जागा तपासा.

पद्धत: इथे ‘विल’ हवाच. ‘आय विल इंटरव्ह्यू सिक्स्टी फार्मर्स.’ मराठीत आपण ‘उद्या येतो’ म्हणतो, तरी भविष्यकाळ कळतो. तीच सवय इंग्रजीत नेली की ‘आय इंटरव्ह्यू सिक्स्टी फार्मर्स’ होतं, आणि ते नेहमीचं काम वाटतं. ‘वुड’ही नको, त्यातून ‘जमलं तर करीन’ असा सूर निघतो.

आधीच माहीत असलेलं: करपा बुरशीमुळे होतो, तापी पश्चिमेला वाहते. अशा वाक्यांना साधा वर्तमानकाळ. छोटी पाहणी करून झाली असेल, तर ती भूतकाळात.

‘इफ’ आणि ‘व्हेन’: मराठीत आपण ‘पाऊस लांबला तर’ म्हणतो. इंग्रजीत त्या भागात वर्तमानकाळ आणि ‘विल’ पुढच्या भागात: ‘इफ द रेन्स आर लेट, आय विल व्हिजिट द फार्म्स इन ऑगस्ट.’

वेळापत्रक: यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान 3 वर्षं लागतात. त्यात कोणत्या टप्प्यापर्यंत काय संपलेलं असेल, हे सांगायला ‘विल हॅव’ वापरा: ‘बाय द एंड ऑफ द सेकंड इयर, आय विल हॅव कम्प्लीटेड द फील्डवर्क.’

निष्कर्ष: सगळ्यात जपून राहायची जागा हीच. ‘द स्टडी विल प्रूव्ह’ लिहू नका. उत्तर आधीच ठरलं असेल, तर संशोधन कशाला करायचं? ‘द स्टडी विल एक्झामिन व्हेदर’ लिहा. तपासण्याचं वचन तुम्ही देऊ शकता, उत्तराचं नाही.

आणि एक. थिसिस लिहिताना पद्धतीचं प्रकरण बरेच जण सिनॉप्सिसमधूनच उचलतात. तसं केलंत तर फाइलमध्ये ‘विल’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून बघा. झालेल्या कामाला भूतकाळ द्या. नाहीतर 3 वर्षं उन्हातान्हात फिरून केलेलं काम परीक्षकाला अजून व्हायचंच आहे असं वाटेल.