योहान म्हणजेच जॉन!

शिक्षक मित्रांनो, नाताळच्या निबंधात एखाद्याने 'जॉन'ऐवजी 'योहान' लिहिलं, तर लाल पेन जरा थांबवा. मूळ हिब्रू नाव योहानान. ग्रीकमधून फिरत इंग्रजीत त्याचं जॉन झालं. मराठी बायबलमधलं योहान मुळाच्या जास्त जवळ आहे. तसंच मोशे म्हणजे मोझेस, हव्वा म्हणजे ईव्ह. आणि 'ख्रिस्त' हे आडनाव नाही बरं का! ग्रीक शब्द आहे तो, अर्थ 'अभिषिक्त'.

आपल्या नागपुरात १९५६ पासून दीक्षाभूमीमुळे 'धम्म' मुलांच्या कानावर असतोच. तो पाली, 'धर्म' संस्कृत. बौद्ध घरातल्या मुलाने 'धम्म' लिहिलं, तर ते शुद्धलेखनाची चूक समजून खोडू नका.

पालकांनो, ख्रिस्ती शेजारी असतील तर मुलांना विचारायला सांगा, त्यांची आजी पीटर म्हणते की पेत्र?