सुन्न पायाला हवेचा स्प्लिंट लावताना

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर अनेक रुग्णांचं पाऊल खाली लोंबतं आणि आत वळतं. उभं राहताना टाच टेकत नाही. अशा वेळी फिजिओथेरपिस्ट कधी कधी हवेचा स्प्लिंट वापरतात. दुहेरी प्लास्टिकची ही पिशवी पायावर चढवून चेन लावायची आणि हवा भरायची. घोटा काटकोनात राहतो आणि टाचेवर भार देण्याचा सराव करता येतो. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्ट मार्गारेट जॉनस्टन यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रूढ केली.

साधन सोपं आहे, पण घरी चूकही सहज होते. सून सासूबाईंना स्प्लिंट लावते, तेवढ्यात पाहुणे येतात, दोन तास निघून जातात. सासूबाई काहीच बोलत नाहीत, कारण त्या पायाची जाणीवच कमी झालेली असते. त्यात जुना मधुमेह असला, तर धोका आणखी वाढतो. संध्याकाळी घोट्यावर फोड दिसतो आणि नुकतंच सुरू झालेलं चालणं थांबतं.

स्प्लिंटमधला दाब ४० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊ नये. रक्तदाब मोजतो तेच हे एकक. त्वचेच्या केशवाहिन्यांतला दाब याहून कमीच असतो, म्हणून दाबाइतकीच वेळही महत्त्वाची. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी करावी, एका वेळी तासाच्या वर जाऊ नये आणि रात्री लावून झोपू नये. हवा नातेवाइकाने तोंडाने भरावी. सायकलचा पंप वापरू नये आणि रुग्णाला फुंकायला लावू नये. उन्हात हवा प्रसरण पावून दाब वाढतो, हेही ध्यानात ठेवावं.

आत सुती मोजा घालावा, त्याला चुणी नको. मध्ये मध्ये पायाची बोटं पाहावीत. नख दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. बोटं निळसर, पांढरी किंवा गार झाली, तर हवा लगेच सोडावी. स्प्लिंट काढल्यावर टाच आणि घोटे निरखावेत. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर पुन्हा लावण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

पायावर जखम असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्प्लिंट लावू नये. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा स्प्लिंट बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

नुसतं पाऊल ताणून ठेवल्याने आखडणं टळतं, असं संशोधनात ठामपणे दिसलेलं नाही. खरा उपचार म्हणजे आधार देऊन उभं करणं, भार देणं, पाऊल टाकायला लावणं. स्प्लिंट त्या सरावापुरता. सुन्न पाय तक्रार करत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष घरच्यांनीच ठेवायचं.