सामाईक सूत्रांचा आदर

भूमितींतील एकदां सिद्ध झालेला सिद्धांत आपण प्रत्येक उदाहरणांत पुन्हां सिद्ध करीत बसत नाहीं. त्याच्या आधारें पुढें जातों. संगणकाच्या कामांतही हीच रीत शहाणपणाची होय.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स प्रणाली मुख्यतः 'सी' भाषेंत लिहिलेली आहे. तींत वारंवार लागणाऱ्या कृति नांवें देऊन एके ठिकाणीं लिहून ठेविल्या आहेत. त्यांस मॅक्रो म्हणतात. हीं सूत्रें नव्यानें रचूं नयेत, अशी तेथील लेखननियमांत ताकीद आहे.

ही ताकीद कां? यादींतील घटक मोजणारें 'ॲरे साइज' हें सूत्र पाहा. नवशिक्या म्हणतो, "यांत काय कठीण? यादीच्या एकूण बाइटांस एका घटकाच्या बाइटांनीं भागावें." चार बाइटांचे दहा आंकडे असल्यास ४० भागिले ४, उत्तर १०. परंतु ती यादी प्रोग्रामच्या दुसऱ्या भागाकडे सोपविली असतां तेथें बहुधा तिचा केवळ पत्ता पोहोंचतो. ६४ बिटांच्या यंत्रावर पत्ता ८ बाइटांचा. ८ भागिले ४, उत्तर २! आठ आंकडे हिशेबांतून गळाले, तरी काम निमूटपणें पुढें चालतें. सामाईक सूत्रांत मात्र पहारा बसविलेला आहे: यादीऐवजीं पत्ता दिल्यास प्रोग्राम तयारच होत नाहीं.

दुसऱ्यानें घातलेल्या पायावर बांधणें हा आळस नव्हे, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थिमित्रांनो, नवें लिहिण्यापूर्वीं जुनें शोधा व समजून घ्या. तें अपुरें असेल तर तेथेंच सुधारा. म्हणजे ती सुधारणा सर्वांच्या पदरीं पडेल.