बदनाम झाडाची कैफियत

दिवाळीच्या अमावास्येला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची आपली रीत आहे. परंतु ही ‘लक्ष्मी’ ज्या झाडाच्या पात्यांची बांधली जाते, त्या शिंदीला मात्र आपल्या अंगणात जागा नाही. यवतमाळ जिल्ह्यात नाल्याकाठी आणि बांधावर ती आपोआप उगवते. ती तोडली गेली तरी कोणाला हळहळ वाटत नाही. कचेऱ्यांच्या व शाळांच्या आवारात कौतुकाने लावला जातो तो क्यूबाकडचा रॉयल पाम!

शिंदीची बदनामी झाली ती तिच्या रसामुळे. पहाटे उतरविलेली नीरा गोड असते. ऊन चढताच ती आंबते आणि मद्य बनते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने या दोहोंनाही परवान्याच्या चौकटीत बसविले. पण यात झाडाचा अपराध कोणता? बंगालमध्ये याच झाडाच्या हिवाळी रसाचा सुगंधी गूळ होतो आणि त्याचे संदेश सणासारखे वाटले जातात. आपल्या शेजारच्या वर्ध्यात १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा पुरस्कार केला होता, याचेही विस्मरण होऊ नये.

शिंदीच्या राखी-हिरव्या पानांवर रुपेरी झाक असते. फ्लोरिडातील बागांतून ती ‘सिल्व्हर डेट पाम’ या नावाने हौसेने लावली जाते. दुष्काळ, हलकी जमीन, काही अंशी खारेपणाही ती सोसते. नाल्यावर झुकलेल्या तिच्या पानांना सुगरण पक्षी खोपे टांगतात. पात्यांच्या केरसुण्या आणि चटया होतात; त्यावर कित्येक गरीब घरांची चूल पेटते. नाले खोल करताना काठची शिंदी यंत्राने उपटली जाते, तेव्हा मातीबरोबर हा रोजगारही वाहून जातो.

तिची लागवड अवघड नाही. पिकलेल्या फळांतील बिया पावसाळ्यात लांब पिशवीत लावाव्यात आणि मुळे न दुखावता रोप भरपूर उन्हाच्या जागी हलवावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी दिले की पुढे ती स्वतःचे पाहते. नर व मादी झाडे वेगळी असल्याने फळे हवी असतील तर पाच-सहा रोपे लावणे बरे. देठाच्या तळाशी तीक्ष्ण काटे असतात. म्हणून मुलांच्या वाटेवर ती नको, कुंपणाकडेला हवी. पाने काढताना शेंड्याला हात लावू नये, कारण तिला कोंब एकच. तो गेला की झाड गेले.

शिक्षकांनी येत्या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी पाच रोपे लावली, तर त्यासाठी कोणत्याही योजनेची वा अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. केरसुणीला लक्ष्मी म्हणणाऱ्या समाजाने तिच्या झाडाचे एवढे ऋण तरी फेडावे.