रविवारच्या मिस्सातली वाचनं कोण ठरवतं?

धर्मगुरू आपल्या आवडीने वाचनं निवडतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 मध्ये नवा वाचनक्रम आला आणि रविवारसाठी तीन वर्षांचं चक्र ठरलं. अ वर्षात मत्तयाचं शुभवर्तमान, ब वर्षात मार्कचं, क वर्षात लूकचं. सनाला तीनने पूर्ण भाग गेला की ते क वर्ष, म्हणजे 2025 हे लूकचं. मात्र नवं चक्र जानेवारीत नाही, त्याआधीच आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं.

मग योहान कुठे? पुनरुत्थानकाळात मुख्यतः तोच ऐकू येतो. शिवाय मार्कचं शुभवर्तमान सर्वांत लहान, म्हणून ब वर्षात साधारण पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय वाचतात. जीवनाच्या भाकरीचा हा अध्याय इतका सावकाश ऐकायला मिळतो, ही मला या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पूर्वीच्या एका वर्षाच्या क्रमात रविवारी जुना करार फारसा कानावर पडत नसे. आता पहिलं वाचन बहुधा त्यातलंच असतं आणि ते शुभवर्तमानाशी जुळेल असं निवडलेलं असतं. वाचनक्रम सगळीकडे सहसा एकच, त्यामुळे वसईतल्या मराठी मिस्सात आणि रोममधल्या इटालियन मिस्सात एकाच रविवारी सहसा तेच उतारे वाचले जातात. पुढच्या रविवारचे उतारे शनिवारी रात्री घरी वाचून पाहा, प्रवचन वेगळंच ऐकू येतं.